कॉम्प्युटरवर लस शोधायची : हॉस्पिटलातल्या रेझिस्टंट जंतूंसाठी हे कामाला येतंय का?

मलप्रभेकाठची
नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले लॅबवाले, सिस्टर, डॉक्टर, मेडिकलवाले इथं बरेच आहेत म्हणून हा विषय मुद्दाम इथं काढतेय. मी आधी एका लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर होते, आता बायोइन्फॉर्मॅटिक्स करायलेय. प्रोजेक्टला असिनेटोबॅक्टर बाउमानी घेतलाय, आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला जो न्यूमोनिया होतो त्यातला एक मोठा गुन्हेगार. त्याच्या जीनोमवरून लसीला लायक प्रोटीनं कुठली ते कॉम्प्युटरवर हुडकायचं, असं काम हाय.

हाच जंतू का, तर सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे कुठलं औषध जंतूवर चालतंय तो कागद, ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. डावीकडं औषधांची नावं, उजवीकडं एस (चालतं), आय (मधलं) नाहीतर आर (रेझिस्टंट, चालत नाही). असिनेटोबॅक्टरचा रिपोर्ट प्रिंटरमधनं बाहेर येतो तेव्हा वरनं खालपर्यंत आरच आर, सेफ्ट्रायॲक्झोन आर, ॲमिकासिन आर, मेरोपेनेम आर, आणि शेवटी कोलिस्टिन, त्याच्यापुढं आय. कोलिस्टिनपुढं एस लिहायचंच नाही असं लॅबच्या टेस्टचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या सीएलएसआयनं २०२० पासून ठरवलंय, कारण औषध टेस्टमध्ये चाललं तरी पेशंटमध्ये त्याचा भरवसा नाही आणि किडनीला त्रास होतो तो वेगळाच. तो कागद वॉर्डला द्यायला जाताना बाहेर चटईवर बसलेले नातेवाईक दिसायचे, चंदगडचे, बैलहोंगलचे, आमच्या खानापूरचे, आणि डॉक्टरांच्या हातात द्यायला आपल्याकडं काही नाही हे माहीत असायचं.

२०१९ या एका वर्षात जगात रेझिस्टंट जंतूंनी थेट घेतलेले जीव १२ लाख ७० हजार, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. डब्ल्यूएचओच्या २०२४ च्या यादीत कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना) दाद न देणारा असिनेटोबॅक्टर आणि हॉस्पिटलातलाच दुसरा जंतू क्लेब्सिएला दोघंही सगळ्यात वरच्या गटात आहेत.

लसीचा फायदा असा की इन्फेक्शनच झालं नाही तर अँटिबायोटिकचा प्रश्नच येत नाही. सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून टायफॉइडची अशी साथ पसरली की नेहमीची जवळजवळ सगळी औषधं फेल. पाकिस्ताननं २०१९ मध्ये टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस, म्हणजे जंतूची साखर प्रोटीनला जोडून केलेली, सरकारी लसीकरणात घेतली, आणि ती लस तयार झालेली आपल्या हैदराबादेत, भारत बायोटेकची. म्हणजे रेझिस्टंट जंतूवर लस चालते हे सिद्ध झालंय. खरं हॉस्पिटलातल्या या जंतूंवर आज एकही लस बाजारात नाही.

माझा प्रश्न असा की कॉम्प्युटरवर अशा लसींच्या याद्या काढणारे पेपर ढिगानं निघायलेत आणि बहुतेक सगळे यादीपाशीच थांबतात. माझंही काम तिथंच थांबावं असं मला वाटत नाही. तुम्ही ज्या जागेवरनं हे बघता तिथनं सांगा.

कोडवाला_शहापूर
भारी विषय ताई. मी बेंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये, घर शहापुरातच. बायोलॉजी दहावीनंतर सुटली. कॉम्प्युटर नेमकं काय करतोय ते सांगा की, म्हणजे इनपुट काय, आउटपुट काय, मधले फिल्टर कुठले?

मलप्रभेकाठची
@कोडवाला सांगते, जरा लांबेल.

इनपुट म्हणजे जंतूचा जीनोम, त्याच्या सगळ्या जीन्सचा संच. असिनेटोबॅक्टरचा साधारण ४० लाख बेसचा, त्यात प्रोटीनं चार हजाराच्या आतबाहेर. एकच स्ट्रेन, म्हणजे जंतूचा एकच वाण, घेऊन चालत नाही, हा जंतू दुसऱ्यांची जीन्स उचलण्यात पटाईत, म्हणून शेकडो स्ट्रेनचे जीनोम एनसीबीआय या फुकट डेटाबेसवरनं उतरवायचे आणि सगळ्यांत सापडणारी जीन्स तेवढी ठेवायची, त्याला कोअर जीनोम म्हणतात. निम्मी गर्दी इथंच कमी होते. मग पीसॉर्टबीसारखं टूल सांगतं की प्रोटीन पेशीच्या आत असतंय, बाहेरच्या पडद्यात असतंय की बाहेर सोडलं जातंय. अँटिबॉडी आत घुसू शकत नाही म्हणून आतली प्रोटीनं बाद. मग ब्लास्ट हे जुळवणी करणारं टूल लावून माणसाच्या प्रोटीनशी मिळतंजुळतं असेल ते काढायचं, नाहीतर लस आपल्याच शरीरावर उलटेल. त्यानंतर वॅक्सिजेन, ते ०.४ च्या वर स्कोअर आला तर हे अँटिजेन, म्हणजे आपली प्रतिकारशक्ती ओळखेल असं प्रोटीन, असावं असं म्हणतं. शेवटी एपिटोप, म्हणजे प्रोटीनचा कुठला तुकडा आपल्या एचएलएला (टी-सेल या प्रतिकारक पेशींना तुकडे दाखवणारी प्रोटीनं) धरून बसेल ते नेटएमएचसीपॅनवर. एवढं करून आउटपुट काय, तर दहापंधरा नावं.

ही पद्धत हवेतली नाही. मेनिन्जायटिसचा बी गटाचा जंतू घ्या. त्याच्या अंगावरचं साखरेचं कवच आपल्या मेंदूतल्या पेशींवरच्या साखरेसारखंच, त्यामुळं कवचाची लस करायची वाट बंद. रीनो रापुओली आणि त्यांच्या टीमनं जीनोम वाचून जवळपास ६०० प्रोटीनं निवडली, त्यातली ३५० ई. कोलायमध्ये तयार करून उंदरांना टोचली, आणि जंतू मारणारी अँटिबॉडी तयार करणारी निघाली २८ च्या आसपास. २००० साली सायन्समध्ये छापून आलं. त्यातनं बेक्सेरो लस झाली, युरोपात मंजुरी जानेवारी २०१३. लक्षात घ्या, कॉम्प्युटरचं काम थोड्या दिवसांचं, पुढची तेरा वर्षं उंदीर, प्रोटीन आणि माणसांवरच्या ट्रायलची.

निपाणी_मेडिकल
ताई चांगलं लिहिलंय. माझं निपाणीत मेडिकल हाय. २०१४ पासून शेड्यूल एच-१ चं, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या औषधांचं, रजिस्टर ठेवतोय, कुणाला कुठलं अँटिबायोटिक दिलं, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर, सगळं. स्ट्रिपवर लाल पट्टी असते ती लोकांना दाखवतो. तरी दिवसातनं एकदोघं येतातच, तंबाखूच्या वखारीतनं सुटून आलेले, मागच्या वेळची गोळी द्या की म्हणतात, घसा धरलाय. चिठ्ठी नाही म्हटलं की दुसऱ्या दुकानात जातात. लस येईल तेव्हा येईल, आत्ता दुकानातनं होणारी गळती कोण थांबवणार? माझं म्हणणं एवढंच की लसीच्या आशेवर हे ढिलं पडू नये.

मलप्रभेकाठची
@निपाणी_मेडिकल अण्णा शंभर टक्के बरोबर. ही दोन कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, दोन्ही पाहिजेत.

कोडवाला_शहापूर
मग प्रोटीनचा आकार सांगणारं अल्फाफोल्ड हे एआय आल्यापासून हे सोपं नाही का झालं? २०२२ मध्ये तर २० कोटींवर प्रोटीनांचे आकार फुकट टाकलेत त्यांनी. आकार कळला की बाहेर काय आलंय ते दिसतंयच की. माझ्याकडं जीपीयू हाय, वीकेंडला मोकळाच असतो, सांगा काय चालवायचं.

एमडी_मायक्रो
मी मायक्रोबायोलॉजीत एमडी, सीमाभागातच काम करतो. धागा चांगला आहे म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

असे पेपर रिव्ह्यूला माझ्याकडेही येतात आणि सगळ्यांचा साचा एकच. यादी काढायची, एपिटोपचे तुकडे जीपीजीपीजी नाहीतर एएवायच्या लिंकरनं (जोडणाऱ्या छोट्या दुव्यानं) जोडायचे, टीएलआर-४ या आपल्या पेशीवरच्या प्रोटीनबरोबर डॉकिंग करून, म्हणजे कॉम्प्युटरवर जोडी लावून, दोन प्रोटीनं एकमेकांत अडकलेलं रंगीत चित्र टाकायचं, शेवटी पीईटी-२८ए प्लाझ्मिडचा (ई. कोलायमध्ये प्रोटीन तयार करायला वापरतात तो डीएनए) गोल काढायचा आणि लस तयार झाली असं लिहायचं. डॉकिंग प्रोग्रामला कुठलीही दोन प्रोटीनं द्या, तो काही ना काही जोडी लावूनच देतो. त्यावरून शरीरात काय होईल ते कळत नाही. वॅक्सिजेनही बघा. २००७ चं टूल आहे, जंतूंची १०० माहीत असलेली अँटिजेन्स आणि १०० नसलेली प्रोटीनं यांच्यावर शिकवलेलं. त्याचा ०.४ म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे.

बाहेरच्या पडद्यातली प्रोटीनं नळकांड्याच्या आकाराची असतात, त्यांचे थोडेच लूप बाहेर डोकावतात. अँटिबॉडी ओळखते तो त्या लूपचा घडीतला आकार. तुम्ही नऊ अमिनो ॲसिडचा तुकडा कापून दुसऱ्या तुकड्याला जोडलात की तो आकार गेला. शिवाय असिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला दोघांच्या अंगावर कवच आहे. प्लेटवर क्लेब्सिएलाची कॉलनी लूपनं उचला, चिकट तार लांबत जाते, काही स्ट्रेनमध्ये ५ मिमीच्याही वर. एवढ्या जाड कवचाखालचं प्रोटीन अँटिबॉडीला सापडणार का, हे अल्फाफोल्ड सांगत नाही.

आणि उंदरात चाललेलं माणसात चालतंच असंही नाही. मर्कची व्ही-७१० ही स्टॅफिलोकॉकसवरची लस घ्या. लोह पकडणारं आयएसडीबी नावाचं प्रोटीन, प्राण्यांत उत्तम. हृदयाच्या आणि छातीच्या ऑपरेशनआधी सुमारे ८ हजार पेशंटवर ट्रायल झाली आणि २०११ मध्ये थांबवावी लागली. फायदा नाहीच, उलट लस घेऊनही ज्यांना स्टॅफ झाला त्यांच्यात मृत्यू जास्त. सुडोमोनासवरची आयसी-४३ आयसीयूतल्या व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना दिली, अँटिबॉडी चांगल्या तयार झाल्या, मृत्यू कमी झाले नाहीत. २०१६ मध्ये तीही संपली.

रात्रपाळी_सिस्टर
मी चिकोडी भागातली, आयसीयूत काम केलंय बरीच वर्षं. पेपर मला कळत नाहीत, खरं एक विचारते. ही लस टोचायची कुणाला?

आमच्याकडं व्हेंटिलेटरवर जाणारी माणसं आधी सांगून येत नाहीत. शेतातलं औषध पिऊन आलेला पोरगा, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रात्री बाईक आदळलेला, बाळंतपणात झटका आलेली. नळी घातली की आम्ही डोकं वर करून ठेवतो, तोंड साफ करतो, सक्शन करतो, दर पेशंटमागं हात धुतो, तरी चारपाच दिवसांत नळीतनं येणाऱ्या चिकाचा रंग बदलतो, पिवळा हिरवा घट्ट, आणि ताप चढतो. सक्शनच्या बाटलीकडं बघूनच कळतं की आता कल्चर पाठवायचं. त्या पोराला आल्या दिवशी लस टोचून काय उपयोग, लस काम करेपर्यंत जंतू छातीत उतरलेला असतो.

रात्री एका सिस्टरकडं किती पेशंट असावेत ते आधी ठरवा असंही मला म्हणायचंय. हात धुवायला वेळ मिळाला तर निम्मं काम होतंय.

मलप्रभेकाठची
@रात्रपाळी_सिस्टर अक्का, हाच तो प्रश्न. मी शंभरावर पेपर चाळले असतील, पेशंट कोण आणि डोस केव्हा हे फार थोड्यांत सापडलं, सगळ्यांची सुरुवात प्रोटीनपासून. माझं ठाम मत असं झालंय की पेशंट आधी ठरवायचा आणि प्रोटीन नंतर. कारण पेशंट बदलला की फिल्टर बदलतात.

आता बघा. व्हेंटिलेटरवर अचानक येणाऱ्याला लस नाही, तयार अँटिबॉडीच द्यावी लागेल, म्हणजे मला एकच पण पक्कं दिसणारं टार्गेट हवं. गुडघा बदलायला, बायपासला, केमोला तारीख घेऊन येणाऱ्याला तीनचार आठवडे आधी लस देता येते, तिथं वय जास्त, शुगर, कमजोर प्रतिकारशक्ती धरून चालायला पाहिजे. आणि तिसरा गट एनआयसीयूतली, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतली, बाळं, त्यांना लस देऊन उपयोग नाही, आईला गरोदरपणात द्यायची. तिथं बाळासाठी टी-सेलचे एपिटोप मोजण्यात अर्थ नाही, नाळेतनं बाळाकडं जाते ती आईची आयजीजी अँटिबॉडी, टी-सेल नव्हे. म्हणजे माझ्या पाइपलाइनमधला नेटएमएचसीपॅनचा फिल्टर बाळापुरता मागं पडतो.

@एमडी_मायक्रो सर राग कसला, डॉकिंगचं चित्र मी टाकणारच नव्हते, आता तर नाहीच. फक्त एक मुद्दा. व्ही-७१० पडली म्हणून आयएसडीबी बाद झालं असं म्हणू, जीनोमवरून निवडायची पद्धत बाद झाली असं मला पटत नाही. उलट त्यातनं एक फिल्टर वाढवता येतो. प्रोटीन जीनोममध्ये आहे एवढ्यावर न थांबता, माणसाच्या शरीरात असताना जंतू ते तयार करतो का हे बघायचं. रक्तात लोह मोकळं मिळत नाही, तिथं असिनेटोबॅक्टर लोह ओढायला बीएयूए नावाचं दार उघडतो, लॅबच्या साध्या ब्रॉथमध्ये ते इतकं दिसत नाही. आरएनए सिक्वेन्सिंगचा, म्हणजे जंतूची कुठली जीन्स चालू आहेत त्याचा, उघड उपलब्ध डेटा असतो, त्याच्याशी यादी ताडून बघता येते. @कोडवाला तुझा वीकेंड इथं लागणार.

कोडवाला_शहापूर
चालतंय की. आरएनएचा डेटा कुठनं उतरवायचा ते मेसेज करा.

अथणीचा_पशुवैद्य
मध्येच बोलतो. कोलिस्टिन माणसाचं शेवटचं औषध म्हणता, तेच वर्षानुवर्षं कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी जात होतं. सरकारनं जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी बंदी घातली. लसीचा फायदा आम्ही रोज बघतो, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, वेळेवर टोचलेल्या गोठ्यात औषधाचा खर्चच कमी. माणसाच्या लसीबरोबर कोंबड्यांतल्या ई. कोलायचाही विचार व्हावा.

एमडी_मायक्रो
@मलप्रभेकाठची पेशंट आधी हे मान्य. मग नवजात बाळांचाच गट का घ्यावा त्याची आकडेवारी देतो. दिल्लीतल्या तीन हॉस्पिटलांत २०११ ते २०१४ मध्ये डेनिस नावाचा अभ्यास झाला. बाळांच्या रक्तात सापडलेल्या जंतूंत असिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेब्सिएला १७ टक्के, ई. कोलाय १४ टक्के. पाठ्यपुस्तकात परदेशातल्या बाळांचे जंतू वेगळेच दिलेले असतात.

आपल्या बेळगावचाही यात वाटा आहे. प्रसूतीच्या कळा सुरू असताना आईला ॲझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एकच डोस, ही ट्रायल सात देशांत २९ हजारांवर बायकांवर झाली आणि बेळगाव त्यातलं एक केंद्र होतं. २०२३ मध्ये निकाल आला. आईचं सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडणं) किंवा मृत्यू एक तृतीयांशानं कमी, बाळाचं सेप्सिस मात्र कमी झालं नाही. म्हणजे बाळासाठी वेगळं काहीतरी लागणारच.

अडचणही सांगतो. आईची अँटिबॉडी बाळाकडं मुख्यतः शेवटच्या तिमाहीत जाते. एनआयसीयूत असतात त्यातली बरीच सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली, त्यांच्या वाट्याला कमीच येते. लस कधी द्यायची याचं गणित अवघड आहे.

मलप्रभेकाठची
सर हे फार कामाचं दिलंत. मग डोस सहाव्या महिन्याच्या आसपास धरावा लागेल, आपल्या भागात बाया तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनला, सोनोग्राफीला येतातच, आशाताईंच्या वहीत नाव असतंच. धनुर्वाताचं हेच झालंय, आईला टोचून बाळं वाचवली, २०१५ मध्ये आई आणि नवजात बाळातला धनुर्वात भारतातनं हटल्याचं डब्ल्यूएचओनं मान्य केलं.

बाळांसाठी क्लेब्सिएला घेतला तर कवचाचे प्रकार ७० च्या वर, एवढे एका लसीत बसवणं कठीण. त्याच्या खालची ओ-साखर मात्र थोड्याच प्रकारांची. म्हणून दोन याद्या करतेय. एक क्लेब्सिएलाची, आईसाठी, ओ-साखरेला जोडायला वाहक म्हणून क्लेब्सिएलाचंच एखादं बाहेरचं प्रोटीन मिळतंय का ते बघायचं, म्हणजे एका डोसात दोन टार्गेट. दुसरी असिनेटोबॅक्टरची, अँटिबॉडी-औषधासाठी, त्यात लूपचा आकार आणि कवचातनं बाहेर किती येतो एवढंच बघायचं. ओम्पए हे असिनेटोबॅक्टरच्या बाहेरच्या पडद्यातलं प्रोटीन उंदरात चालतं म्हणून सगळ्यांच्या यादीत पहिलं असतं, मी ते तपासायला ठेवतेय पण पहिलं नाही.

जुने_मास्तर
मी टिळकवाडीत राहतो, शाळेत विज्ञान शिकवलं. सकाळी ज्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात आपण फिरायला जातो तिथं ब्रिटिशांच्या काळापासून देवीची लस तयार होत होती, वासरांच्या अंगावर वाढवून काढायची, आणि मुंबई इलाख्यात जायची. देश १९७७ मध्ये देवीमुक्त जाहीर झाला. गावात लस तयार होत होती हे आताच्या पोरांना माहीतच नाही, त्यांना तो क्रिकेटचा ग्राउंड वाटतो. बाळ, तू हे काम बेळगावातनं करायलीस याचा मला फार आनंद आहे. मला एवढंच सांग, ही यादी प्रत्यक्षात तपासायला पुढं काय लागतं, आणि ते इथं होईल का? पुण्याला किंवा बेंगळूरलाच जावं लागेल का?

मलप्रभेकाठची
मास्तर नमस्कार, तुमच्यासारखी माणसं वाचतात म्हणून लिहायला बळ येतं.

सगळं इथं होणार नाही, खरं पहिली पायरी होईल. क्लेब्सिएलाच्या इन्फेक्शनमधनं जी माणसं बरी झालीत त्यांच्या रक्तात त्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. तपासणी झाल्यावर लॅबमध्ये थोडं सीरम उरतं आणि ते टाकून देतात. एथिक्स कमिटीची परवानगी आणि पेशंटची संमती घेऊन ते ठेवलं, यादीतली पाचसहा प्रोटीनं ई. कोलायमध्ये तयार केली, आणि एलायझाच्या (अँटिबॉडी चिकटली का ते रंगावरून दाखवणाऱ्या टेस्टच्या) प्लेटवर बघितलं की बऱ्या झालेल्याचं सीरम कुठल्या प्रोटीनला चिकटतं, न झालेल्याचं चिकटत नाही, तर यादी पाचसहावरून दोनवर येते. एलायझा रीडर आपल्या भागातल्या बऱ्याच लॅबमध्ये आहे. अवघड आहे ते प्रोटीन तयार करणं, पडद्यातली प्रोटीनं ई. कोलायमध्ये गोळा होऊन बसतात, विरघळवून पुन्हा घडी घालावी लागते, कधी घडी नीट बसतच नाही. त्यापुढं अँटिबॉडी नुसती चिकटते की पांढऱ्या पेशींकडनं जंतू मारूनही घेते ती टेस्ट, ती मात्र मोठ्या लॅबमध्येच.

सीमाभागाचा एक फायदा मला दिसतो. आपला पेशंट आधी गडहिंग्लजला, मग बेळगावला, कधी मिरजेला, कधी कोल्हापूरला फिरतो. जंतू त्याच्याबरोबर फिरतो. दोन्ही राज्यांतल्या लॅबमधले स्ट्रेन घेतले तर माझ्या कोअर जीनोममध्ये आपल्याच माणसांत फिरणारे जंतू येतील. आत्ता मी उतरवलेल्यात चीन आणि अमेरिकेचेच जास्त आहेत.

एमडी_मायक्रो
स्ट्रेन डीप फ्रीझरमध्ये ठेवलेले आहेत, नवजात बाळांच्या रक्तातले क्लेब्सिएलाही आहेत. सिक्वेन्सिंगचा खर्च कुणी उचलला तर देता येतील. परवानगीचा फॉर्म आधी करू. त्यात उरलेलं सीरम वेगळं लिहा, बाळांच्या आईचं वेगळं लिहा, दोन्हीला एकच संमतीपत्र चालत नाही. मसुदा पाठवा, मी बघून देतो.

रात्रपाळी_सिस्टर
आईची संमती घ्यायची असेल तर मराठी आणि कन्नड दोन्हीत कागद करा. आणि बाळ एनआयसीयूत गेल्या दिवशी विचारू नका, त्या बाईला तेव्हा काही सुचत नसतं. आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला येते तेव्हाच बोला, आम्ही समजावून सांगतो.

मलप्रभेकाठची
अक्का, कागद आधी तुम्हालाच दाखवते. सर, मसुदा या आठवड्यात पाठवते. कोडवाला, आधी क्लेब्सिएला घेऊ, असिनेटोबॅक्टर नंतर. भारतातल्या नवजात बाळांपासून मिळालेले एनसीबीआयवरचे जीनोम आणि आरएनएचे नंबर वेगळे काढून फाइल टाकते, त्याच्यावर पहिला रन लाव.